आयर्लंडच्या लोण्याचं तूप आयर्लंडला चालेना

धाकट्या बहिणीला पाठवलेलं फराळाचं पार्सल दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी काल माझ्याच दारात परत आलं. खोका मधोमध कापून पुन्हा चिकटपट्टीने बांधलेला. चिवडा सादळलेला, चकल्यांचा चुरा झालेला आणि तुपाची बरणी गायब.

चकल्यांचं एक वेळ सोडा, पण तूप! सहा पाकिटं बिनमिठाचं लोणी, म्हणजे दीड किलो, गॅसपाशी उभं राहून कढवलेलं. त्यात ते लोणी आयर्लंडचं. आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आयरिश लोणी कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं आणि तूप त्याचंच छान रवाळ होतं. म्हणजे आयर्लंडच्या गाईंचं लोणी समुद्र ओलांडून इकडे आलं, मी ते कढवलं, डब्लिनला बहिणीकडे परत पाठवलं, तर ब्रिटन आता युरोपियन युनियनबाहेर आणि आयर्लंड आत, म्हणून तिथल्या कस्टम्सच्या लेखी ते युनियनबाहेरचा दुग्धजन्य पदार्थ! पोस्टाने आणायला बंदी. गाय कुठली याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पार्सल कुठून निघालं तेवढंच बघतात.

गेल्या वर्षापर्यंत हा त्रास नव्हता, कारण धाकटी बेलफास्टला होती. उत्तर आयर्लंड ब्रिटनचाच भाग, पण मालापुरते नियम युरोपचे. त्यामुळे खरी सीमा समुद्रात गेली आहे. आमच्यासारख्यांच्या घरगुती पार्सलांना मात्र तिकडे कसलाही फॉर्म लागत नाही. बेलफास्टहून डब्लिनला गाडीने जेमतेम दोन तास. वाटेत नाका नाही, की कुणी हटकत नाही. पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले की समजायचं, देश बदलला. तिथल्या दुकानात इंग्लंडहून आलेल्या दुधाच्या बाटलीवर 'नॉट फॉर ईयू' असं छापलेलं असतं, तेवढीच काय ती राखण.

आणि डब्लिनसाठी? पोस्टाच्या खिडकीतल्या काकांनी विचारलं, "बेन, अंदर शुं छे?" मी म्हटलं, फराळ. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. प्रत्येक जिन्नस वेगळा लिहा, वजन लिहा, किंमत लिहा, कोड लिहा. चकलीला कसला कोड? बेकरीचा की 'इतर खाद्यपदार्थां'चा? मागे रांग खोळंबलेली. शेवटी मी तुपापुढे प्रामाणिकपणे 'क्लॅरिफाइड बटर' लिहिलं. तेच नडलं, असं नवऱ्याचं म्हणणं.

मला मुलुंडचा चेकनाका आठवला. बाबांच्या दुकानाचा माल ठाण्याहून मुंबईत जायचा, तेव्हा टेम्पो जकातीच्या रांगेत तासन्‌तास उभा असायचा आणि बाबा घरी येरझाऱ्या घालायचे. मुंबईची जकात गेली १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्या दिवशी. त्याच्या वर्षभर आधी, २३ जून २०१६ ला, इथल्या लोकांनी युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, कौल दिला होता. आपण नाके उठवत होतो, तेव्हा हे लोक नवे नाके मागून घेत होते! बरं, आपल्या नाकेदाराशी निदान बोलता तरी यायचं. चहापाण्याचं मी समर्थन करत नाही, पण समोर माणूस असायचा.

आणखी विनोद म्हणजे युरोपची ही एकच बाजारपेठ १९९३ साली आली ती बरीचशी यांच्याच पुढाकाराने. थॅचरबाईंच्या काळात लॉर्ड कॉकफील्ड या ब्रिटिश गृहस्थांनीच १९८५ मध्ये तिचा आराखडा मांडला होता. मग २०२० च्या ३१ डिसेंबरला रात्री अकरा वाजता हेच तिच्यातून बाहेर. करार झाला, माल ब्रिटनचा किंवा युरोपचा असेल तर आयातशुल्क शून्य. पण शुल्क शून्य म्हणून कागद शून्य होत नाहीत. चेशरमधल्या एका चीजवाल्याला युरोपात पाठवायच्या पंचवीस-तीस पौंडांच्या भेटपेटीसाठी पशुवैद्याच्या सहीचं १८० पौंडांचं प्रमाणपत्र पडत होतं. स्वतःच्या बाजूची तपासणी मात्र ब्रिटन पुढे ढकलत राहिलं. ३० एप्रिल २०२४ पासून ती प्रत्यक्ष सुरू झाली. डोव्हर आणि युरोटनेलमार्गे येणाऱ्या मालात त्या तपासणीत मोडणाऱ्या दर जिनसामागे २९ पौंडांपर्यंत, एका खेपेला जास्तीत जास्त १४५. युरोपातून थोडा थोडा माल आणणाऱ्या छोट्या दुकानदारांना ते झेपेल कसं?

२०१६ च्या त्या कौलात कॉमनवेल्थच्या नागरिकांनाही मत होतं, त्यामुळे आम्हालाही होतं. मी कुणाला दिलं ते विचारू नका. आपल्याकडच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल असं 'बाहेर पडू'वाले तेव्हा सांगत होते, आणि एकट्या माझ्या मताने काय होणार होतं? लेस्टरमध्ये तर थोडक्यात का होईना, 'राहू'वालेच जिंकले.

२०२५ च्या मे महिन्यात दोन्ही बाजूंनी लंडनला बसून खाण्यापिण्याच्या मालाच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरवलं आहे. होईल तेव्हा होईल.

काल रात्री धाकटीने तेच लोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं आणि फोन कढईवर धरून विचारलं, "ताई, झालं का?" अजून तडतडत होतं. थांब म्हटलं. बेरी जरा करपलीच, पण साखर घालून खाल्लीन.

पुढच्या महिन्यात ती बेलफास्टला मैत्रिणीकडे राहायला जाणार आहे. त्या पत्त्यावर आज नवीन डबा पाठवला. तूप ठेवलं नाही. बेसनाचे लाडू ठेवलेत, आणि ते कशात केलेत हे अजून कुणी विचारलेलं नाही.