9,600 रुपये आणि त्यांचा फोन

हे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि दोनच वर्षांत गेले. मागे राहिली फॅमिली पेन्शन आणि फंडाच्या पैशांची एफडी. 2024-25 मध्ये बँकेने व्याजातून कर म्हणून 9,600 रुपये कापले. विचारायला गेले तर, "टीडीएस आहे मावशी, रिटर्न भरा," एवढंच. नाक्यावरच्या नेटवाल्याने 1,500 सांगितले.

शेजारच्या वहिनींची मुलगी म्हणाली, आमच्या कॉलेजात शनिवारी विद्यार्थीच फुकट रिटर्न भरून देतात. पोरांच्या हाती पैशाची कागदपत्रं द्यायची, मन धजत नव्हतं. तरी पॅन, आधार, पासबुक पिशवीत घातलं आणि गेले.

समोर बसलेली मुलगी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाची. तिने आधी 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडून दाखवला. कापलेले पैसे माझ्याच पॅनवर जमा होते. ते बघूनच जीव भांड्यात पडला. पेन्शन म्हणजे पगारच, असं मी धरून चालले होते. "नाही काकू, फॅमिली पेन्शन 'इतर उत्पन्ना'त जाते. नव्या करपद्धतीत तिच्यातून एक तृतीयांश किंवा 25,000, जे कमी असेल ते वजा." वहीच्या मागच्या पानावर तिने मांडलं: पेन्शन 1,86,000, व्याज 96,000, वजा 25,000. उरले 2,57,000. त्या वर्षी तीन लाखांपर्यंत करच नव्हता, म्हणजे 9,600 पूर्ण परत!

पासवर्ड तिने मलाच टाकायला लावला, तेवढ्यात मान फिरवून बसली. सीए असलेल्या सरांनी फॉर्म वरून खालपर्यंत तपासला, मग पाठवला. अडलं ते ई-व्हेरिफिकेशनला, म्हणजे रिटर्न माझाच आहे हे आधारच्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीने पक्कं करायला. माझ्या आधारला नंबर यांचा. सिम मी अजून रिचार्ज करते, पण फोन घरी कपाटात. "30 दिवस असतात काकू, पुढच्या शनिवारी घेऊन या."

चार्ज करून नेला. त्यांच्या फोनची ती टिंगटिंग दीड वर्षाने ऐकली आणि मला आकडेच दिसेनात. पोरीने पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि थांबून राहिली. मग मीच एकेक आकडा वाचून दाखवला.

तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांचं व्याज एका बँकेत 1 लाखापर्यंत असेल तर टीडीएस कापत नाहीत. तरी व्याज वाढलंच तर म्हणून तिने कर कापू नका असं बँकेला सांगायच्या तेव्हाच्या फॉर्मचं नाव पासबुकाच्या कव्हरवर लिहून दिलं: 'दर एप्रिलला 15एच.'