नांदेडचा एन, बीडचा बी

लातूरचा फोन आधी आला. नवीन व्हर्जन टाकल्यावर आडतीचं सॉफ्टवेअर उघडेचना, एरर देऊन बंद पडायचं. नांदेडचा फोन त्यानंतरचा. तिथल्या मुनीमजींच्या आवाजात घाई नव्हती, शंका होती. "मॅडम, पट्टी एक नंबरपासून निघायली. आन् ह्या पावण्याच्या नावावर उचल हाय, ती बी दिसंना."

सोयाबीनचा हंगाम, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ट्रॅक्टरची रांग, माप झालेला शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीसाठी, उभा, आणि कॉम्प्युटर म्हणतो या माणसाकडे दुकानाचं काहीच येणं नाही. मुनीमजींना उचलीचा, म्हणजे शेतकऱ्यानं आधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, आकडा तोंडपाठ होता, म्हणून ती पट्टी थांबली.

मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्यांसाठी, आम्ही हे सॉफ्टवेअर करतो. सेटअपचं काम माझ्याकडे नुकतंच आलं होतं. सेटअप म्हणजे फायली कॉपी करणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. नव्या कॉम्प्युटरवर तो खराही आहे. जुन्या गिऱ्हाइकाकडे मात्र दुकानाचं नाव, प्रिंटर, काट्याचा पोर्ट, डेटाचा फोल्डर हे सगळं आधीच्या व्हर्जनमधून उचलून नव्यात ठेवावं लागतं. आमचं सगळं गणित तिथेच चुकलं होतं.

सेटअप एनएसआयएस या विंडोजचे सेटअप बनवायच्या साधनात लिहिलेला. विनॅम्प हा गाण्यांचा प्लेअर काढणाऱ्या नलसॉफ्ट कंपनीत जन्मलेलं हे साधन आजही भक्कम आहे. आयएनआय, म्हणजे सेटिंग्जची साध्या ओळींची फाइल, वाचायची आणि लिहायची सोय त्यात मुळातच आहे, आणि आमच्या सेटिंग्ज इतकी वर्षं आयएनआयमध्येच होत्या. नव्या व्हर्जनमध्ये त्या जेसन या जास्त कडक नियमांच्या फॉरमॅटमध्ये आल्या. जेसनची सोय एनएसआयएसमध्ये मुळात नाही, त्यासाठी प्लग-इन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, लावावा लागतो. आधीच्या कंत्राटी प्रोग्रॅमरनं तो जोडला नाही. आयएनआयमधून सेटिंगची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, वाचली, दोन्हीकडून अवतरणचिन्हं चिकटवली आणि ओळ सरळ फाइलमध्ये लिहिली.

एनीडेस्कवरून, म्हणजे तिथला कॉम्प्युटर इथून चालवून, नांदेडची फाइल उघडली तेव्हा डोळ्यांना काहीच खटकलं नाही. डी ड्राइव्ह, कोलन, बॅकस्लॅशची तिरपी रेघ, पुढे लहान इंग्रजी अक्षरांत नांदेड. फोल्डर जागेवर, वर्षाचा डेटा जागेवर. मग ती ओळ मी जेसनच्या नियमानं वाचली. जेसनमध्ये बॅकस्लॅश हा साध्या अक्षरासारखा चालत नाही. त्याच्यापुढे लहान एन आला की अर्थ होतो नवी ओळ. म्हणजे सॉफ्टवेअरला दिसत होतं: डी कोलन, मग नवी ओळ, मग 'आंदेड'. असा फोल्डर विंडोजवर असूच शकत नाही.

आयएनआयमध्ये बॅकस्लॅशला काही अर्थ नसतो. एनएसआयएसच्या स्क्रिप्टमध्येही नवी ओळ हवी असेल तर आधी डॉलरचं चिन्ह लागतं, नुसता बॅकस्लॅश निरुपद्रवी. त्यामुळे दिवसभर त्याच स्क्रिप्टमध्ये वावरणाऱ्याला ही ओळ बरोबरच दिसते, हे मी समजू शकते. पण नव्या इन्स्टॉलवर तपासून 'चालतंय' म्हणणं मला मान्य नाही. आमची बहुतेक गिऱ्हाइकं जुनी आहेत.

मग मी गावांची यादीच घेऊन बसले, कारण आमचे आडते फोल्डरला गावाचं नाव देतात आणि त्यात त्यांचं काहीही चुकत नाही. बॅकस्लॅशपुढे जेसनला मोजकीच लहान इंग्रजी अक्षरं चालतात: बी, एफ, एन, आर, टी आणि यू. लातूर, परभणी, जालना, हिंगोली यांची पहिली अक्षरं त्यात नाहीत, म्हणून तिथे फाइल वाचतानाच मोडते. उदगीरचा यू चालला असता, पण त्याच्यापुढे चार हेक्स आकडे (शून्य ते नऊ किंवा ए ते एफ) लागतात. त्यात डी बसतो, जी बसत नाही, म्हणून उदगीरही मोडतं. नांदेड, निलंगा, बीड, भोकरदन, रेणापूर, तुळजापूर मात्र बिनतक्रार वाचली जातात, चुकीची.

चुकीचा फोल्डर सापडला नाही की आमचं सॉफ्टवेअर काय करतं? सी ड्राइव्हवर गुपचूप कोरा डेटा तयार करतं आणि पट्टी नंबर एकपासून सुरू होतं. गिऱ्हाईक अडू नये म्हणून ही सोय आमच्याच एका वरिष्ठांनी ठेवलेली. मला ती घातक वाटते. लातूरचं दुकान उघड बंद पडलं, चूक लगेच दिसली, म्हणून ते तासाभरात सुरू झालं.

प्लग-इन घेतला एनएसजेसन. एनएसआयएसच्या नेहमीच्या बिल्डमध्ये एका व्हेरिएबलमध्ये 1024 पर्यंतच अक्षरं मावतात, त्यामुळे त्याहून मोठी फाइल अख्खी व्हेरिएबलमध्ये घेऊन दुरुस्त करणं शक्यच नसतं. प्लग-इन फाइलचं झाड स्वतःच्या मेमरीत ठेवतो. आपण 'सेट'नं हवी ती फांदी बदलायची आणि 'सिरियलाइझ'नं फाइल परत लिहायची. फसायची जागा इथेही आहेच. 'सेट'ला दिलेली किंमत जेसनच्याच रूपात लागते. फोल्डरचा कच्चा पाथ, म्हणजे पत्ता, नुसत्या अवतरणात दिला तर नांदेडची पुन्हा तीच गत. आधी तो 'कोट'मधून काढायचा, म्हणजे एका बॅकस्लॅशचे दोन होतात. आणि 'गेट'ला काही सापडलं नाही तरी सेटअप थांबत नाही, फक्त एरर फ्लॅग, म्हणजे काही चुकल्याची खूण, उभा राहतो. तो दर वेळी आपणच पाहायचा. आता माझा सेटअप फाइल लिहून झाल्यावर पाथ परत वाचतो, फोल्डर खरंच आहे का बघतो, आणि नसेल तर मराठीत संदेश देऊन थांबतो. ऑफिसात यावर अजून वाद आहे. सेटअप थांबला की फोन येतात, असं वरिष्ठांचं म्हणणं. फोन यावेतच, असं माझं.

दुरुस्त सेटअप पाठवण्याआधी त्या सहा अक्षरांची सगळी गिऱ्हाइकं मी स्वतः फोन करून तपासली. बीडच्या एका दुकानातून तक्रार आलीच नव्हती. तिथे मुनीम नवा पोरगा होता. "आमाला वाटलं व्हर्जन नवं तर नंबरं बी नवेच असतेल," तो म्हणाला. त्यानं कोऱ्या डेटावर पट्ट्या काढून शेतकऱ्यांना रोख दिली होती, एकाचीही उचल न कापता. दोन्ही डेटा मी जुळवले, दुबार नंबरांपुढे वेगळी खूण लावली. कोणाकडून किती कापायचं राहिलं, ती यादी मालकांना पाठवली. त्यांनी ती पाहून फोन केला आणि विचारलं, "ह्यातले निम्मे आता पुढच्या हंगामालाच येतेल. तवर हे कोणाच्या नावावर लिहू?"