वही रंगलेली, डोकं कोरं

"मॅडम, मला मोटिव्हेशनच येत नाही." शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं समोर येऊन बसली, की बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. समुपदेशकाकडे त्यावरचं एखादं इंजेक्शन असेल, अशी आशाही असते.

त्या दिवशी आलेली मुलगी आळशी मुळीच नव्हती. जीवशास्त्राची वही पाहिली, तर पानन् पान पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगलेलं. रोज रात्री उशिरापर्यंत वाचत बसायची. "वाचताना सगळं कळतं, मॅडम. पेपर हातात आला की डोकं ब्लँक. मग वाटतं, कशाला एवढी मरमर?"

मी वही मिटून माझ्याकडे घेतली आणि कोरा कागद पुढे केला. आदल्याच रात्री तिने प्रकाशसंश्लेषण वाचलं होतं. म्हटलं, आठवेल तेवढं लिही. ती वैतागली. "इथेही परीक्षाच का?" पण लिहायला लागली. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, मग 'कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन सुटतो', आणि पेन अडलं. वही परत दिली. तिने घाईघाईने पान काढलं, तर 'ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून मिळतो' हे वाक्य चांगलं गुलाबी केलेलं!

मला वाटलं, आता ही रडणार. (या कागदापाशी मुलं रडतात, म्हणून टिश्यूचा डबा जवळच असतो.) तर हिने वही स्वतःच मिटली, कागद उलटा केला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. मी सांगितलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तरी मान वर नाही. 'मोटिव्हेशन येत नाही' म्हणणारी ती हीच!

मग तिला रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग सांगितला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना 81 टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना 75. आठवड्याने मात्र वाचणारे 42 वर घसरले आणि लिहिणारे 56 वर होते. ती पटकन म्हणाली, "म्हणजे मी पाच मिनिटांपुरताच अभ्यास करते की!"

अभ्यासावरचं मन बऱ्याचदा असंच उडतं. कष्ट तर होतात, पण हाती काय लागलं ते दिसत नाही. अर्थात सगळ्यांचं दुखणं हेच नसतं. मनाविरुद्ध शाखा घेतलेल्या मुलाला कोरा कागद देऊन काय होणार? आणि झोप अपुरी असेल तर आधी झोपच हवी, कारण वाचलेलं पक्कं व्हायला तीच लागते. तिलाही जागरण बंद कर म्हणून सांगितलं. कागदाचं लगेच पटलं होतं, हे मात्र पटेना. दारात उभी राहूनही तिची घासाघीस चालूच. ती बारा म्हणत होती, मी साडेदहा. शेवटी अकरावर ठरलं.