नखाएवढं हिरवं

बुधवार, रात्री

आज पुन्हा खरवडलं. निघायला उशीर होत होता, चपलेत पाय घातला होता, तरी तशीच मागे वळले आणि जास्वंदीच्या डावीकडच्या फांदीवर अंगठ्याचं नख फिरवलं. रविवारी त्याच फांदीवर, बोटभर वर, सालीखाली ओलसर हिरवं, म्हणजे जिवंत, दिसलं होतं. आज तिथं तपकिरी, कोरडं. फांदी शेंड्याकडून मरत खाली येतेय, की मी साल काढली म्हणून तेवढीच जागा सुकली, हे आता कळायला मार्ग नाही. दिवसभर काम करताना तेच डोक्यात. संध्याकाळी येऊन मोजले, तर ११ ओरखडे. थंडीचा त्यात एकही नाही, सगळे माझे.

त्या रात्री उठायला हवं होतं. पारा २ अंशांवर येणार हे माहीत होतं. जास्वंदीला १० च्या खालीच कुडकुडायला होतं हेही माहीत होतं. पांघरुणात पडल्या पडल्या आठवलंसुद्धा, आणि 'उद्या घेऊ आत' म्हणून कूस बदलली. कुंडी छपरापासून जेमतेम दोन हातांवर होती. आभाळ निरभ्र असलं की उघड्यावरचं पान आपली ऊब सगळी वर सोडून देतं आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतं. छपराखाली तसं होत नाही. म्हणजे घरातही आणायची गरज नव्हती, नुसती सरकवायची होती. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना मातीची ऊब तरी असते. कुंडीला गारठा चारी बाजूंनी लागतो. सकाळी पानं उकडल्यासारखी लोंबत होती, दुपारपर्यंत काळी पडली.

दोन हात. जाऊ दे.

त्यानंतर मी काही केलं नाही असं नाही. उलट, काही न करण्याचाच जास्त त्रास झाला. मेलेले शेंडे लगेच कापायचे नाहीत, कारण खालच्या भागाला त्यांचाच आडोसा असतो, आणि छाटलं की झाड भर थंडीत कोंब फोडायला बघतं. ते पाळलं. खत घातलं नाही. दुखावलेल्या मुळांना ते भाजतं. पाण्याचं मात्र जमलं नाही. पानं नाहीत म्हणजे झाड फारसं पाणी ओढत नाही, ओली माती तशीच राहते आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं आत घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच घालायचं, हे मीच इतरांना सांगत असते. तरी दोनदा ओल्या मातीत घातलंय. वाईट वाटलं की पाणी, अशी आपली पद्धत.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, झोपलेल्या आजाऱ्याला हलवून हलवून विचारायचं का, बरं वाटतंय का म्हणून?" मी गप्प बसले. तिने हे म्हणावं, आणि मी ऐकून घ्यावं, यामागे जे आहे ते आज नको.

माझ्या हाताला गुणच नाही, असं म्हणून थोडी रडलेही. एका कुंडीसाठी. मग स्वतःचाच राग आला. कारण नख लावताना मी झाडाची चौकशी करत नसतेच. हिरवं दिसलं की मला बरं वाटतं, की चला, फार काही बिघडवलेलं नाही आपण. त्या बिचाऱ्या फांदीला रोज माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभं करते. ११ वेळा! वकीलसुद्धा इतकं छळत नाहीत.

मग कात्री पुसून घेतली आणि बसले. गारठा सरलाय, आता कापायला हरकत नाही. वरून थोडं थोडं कापत आले. पहिले दोन तुकडे कडकन मोडले, आत भुरकट. तिसरा जरा चिवट. चौथ्याला सालीच्या आत हिरवी कड दिसली, पूर्ण गोल, आणि मधला भाग पांढरट. टोकाला बोट लावलं तर बुळबुळीत. जास्वंदीचा तो ओळखीचा चिकट ओलावा. खालच्या डोळ्याच्या जरा वर काप येईल असं बघितलं आणि थांबले. कोंब नाही अजून. डोळा फुगलाय असं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर सध्या माझाच विश्वास नाही. ओरखड्यांपैकी ८ कापलेल्या तुकड्यांबरोबर गेले, ३ राहिलेत.

नखं कापून टाकली.

रात्री पारा आता १५ च्या खाली येत नाही. तरी झोपायच्या आधी कुंडी दोन हात ओढून छपराखाली घेतली. सकाळी उजेडासाठी परत बाहेर सरकवावी लागेल.