किती वाजता?

भाच्याचा मेसेज आला : "मावशी, पंधरा दिवस सुट्टी मिळालीय. देवळं, म्युझियम काही नको. फक्त खायला जायचंय. जगातली टॉप फाइव्ह ठिकाणं सांग."

मी उलट विचारलं, "किती वाजता?"

त्याच्याकडून तीन प्रश्नचिन्हं आली. त्याचं तरी काय चुकलं? खाण्याच्या याद्या निघतात त्या गावांच्या, वेळांच्या कुणी काढत नाही. पण इंदूरच्या सराफ्यात दुपारी तीनला गेलात तर तिथे सोनं मिळतं. भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), दहीवडा हे सगळं रात्री सराफांची शटरं खाली आल्यावर त्यांच्याच दुकानांपुढे मांडतात, ते मध्यरात्र उलटली तरी चालू असतं. आमच्या नाशकात रविवारी सकाळी नऊला मिसळीसाठी नंबर लावावा लागतो. तीच मिसळ चारला मागवून बघा. तर्री विझलेली असते आणि वाढणारा पोऱ्याही.

ही अक्कल मला नेपल्समध्ये आली, तीही उशिरा. बेचाळीस जणांच्या टूरबरोबर इटलीला गेले होते. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'रोज गरमागरम भारतीय जेवण'. आणि दुर्दैवाने ते खरं होतं. नेपल्सला पोचलो संध्याकाळी साडेपाचला, आणि साडेसहाला पंगत बसणार होती : मटर पनीर, जिरा राइस, गुलाबजाम. मी पिझ्झ्याचं नाव काढलं तेव्हा टूर मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, पिझ्झा काय, नाशिकलाही मिळतो."

खिडकीतून बाहेर बघत होते. फुटपाथवरून एक शाळकरी मुलगा चालला होता आणि त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली, चार पदरी घडी घातलेली पोळी होती. चक्क घडीची पोळी! नंतर कळलं, त्याला ते 'पोर्ताफोल्यो' म्हणतात, म्हणजे पैशाचं पाकीट. गोल पिझ्झा दोनदा दुमडायचा आणि चालता चालता खायचा. नेपल्समधली ही रस्त्यावर खायची रीत, सुरी-काटा काही नाही. बस समुद्राकाठी 'फोटो स्टॉप'साठी थांबली तेव्हा बाकीचे व्हेसुव्हियस ज्वालामुखीला पाठ करून उभे राहिले आणि मी गल्लीत पळाले.

भट्टीवाल्याने गोळा हाताने थापून पसरला, लाकडी फावड्यावरून आत सरकवला आणि मी पर्समधून सुटे युरो काढेपर्यंत बाहेरही काढला. अतिशयोक्ती नाही. त्या भट्टीचं तापमान पावणेपाचशे अंशांच्या पुढे असतं आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो. आपल्या फुलक्यापेक्षा फार वेळ लागत नाही, आणि फुलक्यासारखाच त्यावर काळा डाग पडायला लागतो. या थापण्याला, फिरवण्याला, भाजण्याला युनेस्कोने 2017 मध्ये मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. माझ्यापुरता वारसा असा, की पहिल्याच घासाला घडीच्या टोकातून टोमॅटोचा रस सुटला, मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला आणि टूरच्या पिवळ्या टी-शर्टच्या बाहीवर थांबला. साडेसहाच्या पंगतीत मी तशीच बसले. मटर पनीरवाल्यांपैकी तिघांनी हळूच विचारलं, "कुठे मिळालं?"

त्यानंतर टूर बंद. पुढचे प्रवास ताईबरोबर, म्हणजे या भाच्याच्या आईबरोबर. ताई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. असं माणूस घेऊन खाण्याच्या प्रवासाला निघणं म्हणजे बहिऱ्याला मैफिलीला नेणं, असं आमचे थोरले दादा म्हणाले होते. दादांना ताईचं नाक माहीत नाही.

पेनांगला, म्हणजे मलेशियातल्या जॉर्ज टाउनला गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी चौरास्ता बाजारात ताई एका पोत्यापुढे थबकली. हो, बाजाराचं नावच चौरास्ता. पोत्यात तपकिरी, वाळलेल्या, चकत्यांसारख्या कसल्यातरी कापा होत्या. तिने एक उचलली, हुंगली, दुकानदारिणीकडे बघून हसली आणि सरळ तोंडात टाकली. डोळे बारीक केले. "अगं, आमसूल! म्हणजे आमसूल नाही... आमसुलाची चुलत बहीण." नंतर शोधलं तर नातं अगदी बरोबर निघालं. त्याला तिथे 'आसाम केपिंग' म्हणतात. आसाम म्हणजे मलय भाषेत आंबट. ते फळ आणि आपला रातांबा एकाच घराण्यातले, गार्सिनिया. पेनांगच्या प्रसिद्ध आसाम लाक्साच्या, म्हणजे माशांच्या आंबट रश्शातल्या शेवयांच्या, आंबटपणात चिंचेबरोबर याचाही वाटा. लाक्सा ताईने अर्थातच खाल्ला नाही. पण मी खात असताना वाफेचा वास घेऊन म्हणाली, "यात अजून एक आहे. फुलासारखं." होतंच : आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी, बारीक चिरून वर घातलेली. पुढच्या गल्लीत जायफळाच्या सालीचं लोणचं आणि सरबत दिसलं तेव्हा तर तिला कोकणात मामाकडे आल्यासारखं वाटायला लागलं.

त्या गावाला घड्याळ वाचता आलं पाहिजे. सकाळी रोटी चनाय, म्हणजे आमटीबरोबरची पदर सुटलेली पोळी. ताईचा आधार तोच, आणि आमटीत मासा नाही ना, हे तीन-तीनदा विचारणं. दुपारी नासी कांदार. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते एकेकाळी कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवणं बांधून बंदरावरच्या मजुरांना जेवू घालत. कावड गेली, नाव राहिलं. ताटात भात घेतला की वर एका कालवणाचा रस्सा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. सगळे एकमेकांत मिसळलेले हवे असतील तर म्हणायचं, 'बांजिर'. बांजिर म्हणजे पूर! रश्शाला इतका चपखल शब्द कोल्हापुरालाही सुचला नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

आणि संध्याकाळी चार कोय त्याव, तांदळाच्या चपट्या शेवया, कोळंबी आणि शिंपल्या घालून परतलेल्या. आम्ही बसलो त्या कोपऱ्यावर गाडीवाला एका वेळी एकच प्लेट करत होता. समोर वीस माणसं उभी असली तरी एकच. कढईत दोघांचं घातलं की आच वाटली जाते आणि शेवया परतायच्या ऐवजी शिजतात. त्या पेटत्या कढईच्या वासाला चिनी मंडळी 'वोक हे' म्हणतात, कढईचा श्वास. माझा नंबर पाऊण तासाने आला. तोवर ताईने हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि ताडगुळाचं चेंडोल दोन वाट्या संपवलं होतं. "तुझा श्वास येईपर्यंत माझं जेवण झालं," ती म्हणाली.

सिंगापूरला एकच दिवस होतो. तिथल्या हॉकर सेंटरची, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या गाळ्यांची, मला आवडलेली गोष्ट खाण्याची नाहीच. भर गर्दीत टेबल धरायचं तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि निवांत रांगेत जायचं. त्याला 'चोप' करणं म्हणतात. कोणी ते पाकीट हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त रुमाल परत मिळतो याचं अप्रूप. सिंगापुरातल्या अशा दोन साध्या गाळ्यांना 2016 मध्ये मिशलिनचा एकेक तारा मिळाला होता. मिशलिन ही मुळात टायर कंपनी. 1900 साली फ्रान्समध्ये त्यांनी मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, हेतू हा की लोकांनी गाड्या फिरवाव्यात आणि टायर झिजवावेत. पुढे ती पुस्तिका खानावळींना तारे द्यायला लागली, आणि आजही तीन ताऱ्यांचा अर्थ 'मुद्दाम प्रवास करून जावं असं' हाच आहे.

ओसाकाबद्दल जपान्यांत म्हण आहे की क्योटोचा माणूस कपड्यांपायी बुडतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. (पुण्याचा? तो बुडतच नाही.) पण तिथल्या दोतोन्बोरी या खाऊगल्लीची ती झगमग आणि पाट्यांवरचे हलणारे अवाढव्य खेकडे बघून मला जत्रेतल्यासारखी धाप लागली. माझ्या यादीत ओसाका जरा खालीच.

ताईची यादी विचाराल तर इस्तंबूल पहिलं, आणि तेही रविवारी सकाळी दहाला. नाश्त्याला तुर्की शब्द आहे 'काहवाल्ती', शब्दशः 'कॉफीखालचं' : कॉफी पिण्याआधी पोटाला आधार म्हणून जे घालायचं ते. बेशिक्ताश भागात नाश्त्याच्याच दुकानांची एक गल्ली आहे. आम्ही बसलो आणि टेबलावर बशा यायला लागल्या. चार तऱ्हेची चीज, काळी-हिरवी ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, अक्रोड, गुलाबाचा मुरंबा, तिळाचं कडं घातल्यासारखा सिमित पाव. आणि एका छोट्या बशीत पांढरी वळकटी, वर मध ओतलेला. ताईने बोटाने टोक उचललं. "साय!" म्हशीच्या दुधाची, इतकी दाट की गुंडाळी होते. लहानपणी आजी साय-साखर द्यायची ती दोघींत वाटून, म्हणजे भांडून खावी लागायची. तिथे आम्ही दोन बशा मागवल्या. साठी-पंच्याहत्तरीला भांडण कशाला?

आणि नाव कॉफीचं असलं तरी लोक पितात चहा. पूर्वी कॉफी यायची येमेनमधून. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्याबरोबर येमेनही हातचं गेलं, कॉफी महागली, मग काळ्या समुद्राकाठी चहाची लागवड वाढवली गेली. किटली दुमजली असते. खाली उकळतं पाणी, वर कडक चहा. कमरेत बारीक अशा ग्लासात वरचा थोडा ओतायचा आणि खालच्या पाण्याने हवा तेवढा फिका करायचा. बारा वाजले तरी कुणी उठवलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचा सहावा ग्लास चालू होता. ताईने मोजले होते.

सगळ्यात जास्त फजिती झाली ती स्पेनमध्ये, सान सेबास्तियानला. या वेळी बरोबर नवरा होता. साडेबाराला कडकडून भूक लागली म्हणून एका खानावळीत शिरलो तर टेबलावर जेवण होतं, पण जेवत होते वेटर. ते दुपारचं आटपून मग गिऱ्हाइकांना वाढणार, दीड-दोनला. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. लोक म्हणतात स्पॅनिश माणूस आळशी, उशिरा जेवतो. बिचाऱ्याचं घड्याळच पुढे आहे! नकाशात स्पेन लंडनच्या खाली येतो, पण 1940 मध्ये तिथला हुकूमशहा फ्रँको याने घड्याळं एक तास पुढे नेऊन बर्लिनशी जुळवली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत. पोट सूर्याप्रमाणेच चालतंय.

पण संध्याकाळी आठला जुन्या गावातल्या गल्ल्या भरल्या की सगळं माफ. काउंटरवर पिंचो मांडलेले असतात. पिंचो म्हणजे टोचलेलं. पहिला घ्यायचा तो 'हिल्दा' : एका काडीला ऑलिव्ह, व्हिनेगरमध्ये मुरलेली कोवळी मिरची आणि अँकोव्ही, जो आपल्या मांदेळीच्या कुळातला मासा. खारट, आंबट, तिखट, एका घासात. 1946 च्या एका सिनेमाच्या नायिकेचं नाव तिला दिलंय म्हणे, तीही अशीच झणझणीत होती. मग फळ्यावर खडूने लिहिलेलं एखादं गरम काही मागवायचं, उभ्यानेच खायचं आणि निघायचं. एका ठिकाणी एक, फार तर दोन, मग पुढचं दार. नवऱ्याला हे पटेना. "बसायला जागा मिळालीय तर उठायचं कशाला?" माणूस अस्सल नाशिककर.

तिथे आणखी एक रीत आहे. 1870 पासून या गावात पुरुषांचे स्वयंपाकाचे क्लब आहेत. पुरुष जमतात, बाजार करतात, रांधतात, खातात, हिशेब वहीत लिहितात. परंपरेने बायकांना या स्वयंपाकघरात मज्जाव. हे वाचून माझे डोळे पाणावले. असला मज्जाव मला पस्तीस वर्षं कुणी केला नाही.

हे सगळं भाच्याला मी तासभर फोनवर सांगितलं, वेळांसकट. तो 'हो मावशी, हो मावशी' करत होता आणि मागे कीबोर्डचा आवाज येत होता. महिन्याने एका रात्री नऊच्या सुमाराला मी खिचडीवर तूप घालत होते तेव्हा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागे दगडी गल्ली, स्वच्छ ऊन, आणि ओळीने बंद दारं.

"मावशी, सान सेबास्तियानला पोचलोय. सगळं बंद आहे इथे!"

"किती वाजलेत तिकडे?"

"साडेपाच."

"बरं. झोप जरा, आठला उठ."