आयपीव्ही-६ मोबाइलवर आहे, मग घरच्या फायबरवर का नाही?

राउटर आणि कॅमेरे बसवण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो : मोबाइलवर आयपीव्ही-६ चालतं, मग घरच्या ब्रॉडबँडवर का येत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयपीव्ही-६ म्हणजे इंटरनेटवरच्या उपकरणांना पत्ते (क्रमांक) देण्याची नवी पद्धत. तिच्यात पत्ते इतके आहेत की प्रत्येक उपकरणाला स्वतःचा देता येतो.

तंत्र नवं नाही. आयपीव्ही-६चा पहिला मसुदा १९९५ सालचा. जुन्या आयपीव्ही-४मध्ये पत्ते जेमतेम ४३० कोटी, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच कळलं होतं. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठा संपला. त्याच एप्रिलमध्ये आपल्या भागात पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेने शेवटच्या साठ्यावर रेशन लावलं : त्यातून एका सभासदाला, म्हणजे इंटरनेट कंपनीसारख्या संस्थेला, फार तर १,०२४ पत्ते.

खरी मेख इथे आहे. ज्या कंपन्यांनी त्याआधी पत्ते भरपूर घेऊन ठेवले, त्यांना टंचाईची झळ लागत नाही. उलट त्यांच्याकडच्या पत्त्यांना भाव येतो. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने नॉर्टेल या दिवाळखोर दूरसंचार कंपनीकडून साडेसहा लाखांवर पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले. फेब्रुवारी २०२४पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट आकारते. साठा हातात असलेल्याने बदलाची घाई का करावी?

नव्याने उतरणाऱ्याला मात्र गत्यंतर नसतं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं ते नुसतं ४जी घेऊन, आणि सुरुवातीपासून आयपीव्ही-६ वापरत. कोट्यवधी लोकांचे मोबाइल आपसूक त्यावर गेले. भारत आज आयपीव्ही-६ वापरात जगातल्या आघाडीच्या देशांमध्ये आहे, त्यात या एका निर्णयाचा वाटा फार मोठा. सरकारचा आराखडा २०१०पासून होता, पण आकडे हलले ते जिओ आल्यानंतर. म्हणजे बडी कंपनी मनावर घेते तेव्हा काम होतं. म्हणूनच ती टाळाटाळ करते तेव्हा मला राग येतो.

घरच्या जोडणीत बहुतेक वेळा काय होतं? कंपनी एकच सार्वजनिक पत्ता शेकडो घरांना वाटून देते. त्याला सीजीनॅट म्हणतात. व्हिडिओ बघताना काही जाणवत नाही. पण घरातल्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) बाहेरून थेट जोडायचं म्हटलं की वाट बंद. त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कुणी उपद्व्याप केले, तर तुम्हालाही ‘मी रोबो नाही’ची कोडी सोडवत बसावं लागतं. पोलिसांनाही नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा आकडा) लागतो. माझ्या एका ग्राहकाने तक्रार केली, तर कंपनीने स्थिर पत्ता दरमहा जादा पैसे भरून घ्या म्हणून सांगितलं. जो त्रास आयपीव्ही-६ने फुकटात मिटला असता, त्याचीच ही वेगळी आकारणी. हे मला मुळीच पटत नाही.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे : घरोघरचे जुने राउटर. काहींना आयपीव्ही-६ येतच नाही, काहींत ते बंद ठेवलेलं असतं. तेव्हा आधी राउटरच्या सेटिंगमध्ये पाहा. तिथे चालू असूनही पत्ता मिळत नसेल तर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ लिहू नका, ‘आयपीव्ही-६ प्रीफिक्स हवा’ असंच लिहा; प्रीफिक्स म्हणजे कंपनी तुमच्या घराला देते तो पत्त्यांचा गट. आणि राउटरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय, चालूच ठेवा, कारण मग घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असेल.