तुम्ही विचारलंत म्हणून : प्रेबलचा उंदीर खरोखर वेगळा आहे का?

कोलोरॅडोत राहायला आल्यापासून, आणि विशेषतः एका संग्रहालयाच्या सस्तन प्राणी विभागात कवट्या मोजण्याचे काम करू लागल्यापासून, मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. शेजारी विचारतात, सुट्टीत पुण्याहून आलेल्या मामांनीही जेवताना तोच विचारला : ‘हा प्रेबलचा उंदीर खरोखर वेगळा आहे, की शास्त्रज्ञांनी कागदावर ओढलेली ती एक रेघ आहे?’ म्हणजे, जवळच्या भाईबंदांपासून वेगळी अशी त्याची स्वतंत्र उपजात मानावी का. प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. १९९८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने या उंदराला संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली संरक्षण दिले, आणि तेव्हापासून रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी ओढ्याकाठच्या जमिनीवर बांधकाम करायचे म्हटले की या प्राण्याचा विचार करावा लागतो. ज्यांची जमीन अडते त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर हवे असते. माझे उत्तर एका शब्दात बसत नाही, म्हणून ते एकदा नीट लिहून काढते.

आधी प्राणी कसा आहे ते सांगते. उत्तर अमेरिकेतल्या या उडी मारणाऱ्या उंदरांच्या मुख्य कुळीचे, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचे, शास्त्रीय नाव झेपस. मराठी कानाला त्यात ‘झेप’ ऐकू येते आणि ते मला फार आवडते. प्रत्यक्षात ते ग्रीक शब्दांवरून केले असून त्याचा अर्थ ‘जबर पायाचा’ असा होतो. वजन जेमतेम वीस ग्रॅम, मागचे पाय लांब, शेपूट धडापेक्षाही बरीच लांब, पाठीवर गडद पट्टा, कुशी पिवळसर आणि पोट पांढरे. वरच्या पटाशीच्या दातांचा रंग नारिंगी असतो आणि प्रत्येक दातावर वरपासून खालपर्यंत एक खोल खाच असते. भिंगाखाली ती खाच पाहिली की कुळीविषयी शंका उरत नाही. वर्षातले सात-आठ महिने हा प्राणी जमिनीखाली झोपून काढतो. ओढ्याकाठच्या दाट गवतात आणि विलोच्या झुडपांत त्याचा उन्हाळा जातो.

कुळी ओळखणे सोपे. त्याखालच्या पायऱ्या मात्र अवघड होत जातात. कोलोरॅडोच्या पायथ्याशी झेपसच्या दोन प्रजाती जवळजवळ राहतात : कुरणातला झेपस हडसोनियस आणि डोंगरातला झेपस प्रिन्सेप्स. बाहेरून त्या इतक्या सारख्या दिसतात की मुरलेले लोकही फसतात. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेला मधोमध एक बारीक घडी असते. ती दिसली तर हडसोनियस, नसली तर प्रिन्सेप्स, असा ढोबळ नियम आहे. पण उंदीर म्हातारा असला तर दाढ झिजून ती घडीच पुसली जाते. ज्या खुणेवर अख्खा निर्णय टेकलेला असतो, ती प्राण्याच्या वयाबरोबर नाहीशी होणारी असू शकते, हे या कामात मी सर्वांत आधी शिकले.

आता उपजातीकडे येते. १८९५ साली कोलोरॅडोतल्या लव्हलँड गावी एडवर्ड प्रेबल यांनी काही उंदीर जमवले आणि १८९९ मध्ये या सगळ्या गटाची शास्त्रीय उजळणी प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाची उपजात मात्र पुढे १९५४ साली फिलिप क्रुट्श यांनी मांडली. क्रुट्श यांच्यासमोर या उपजातीचे अकरा नमुने होते आणि त्यांतले पूर्ण वाढलेले फक्त चार. उत्तरेला वायोमिंगच्या ईशान्य भागात आणि ब्लॅक हिल्सच्या परिसरात राहणाऱ्या कँपेस्ट्रिस या उपजातीशी तुलना करून त्यांनी लिहिले की प्रेबलचा रंग फिका आहे, दोन डोळ्यांमधला कवटीचा भाग अरुंद आहे आणि कानामागचे हाडाचे फुगे लहान आहेत. हे सगळे सरासरीने. या शब्दावर मी मुद्दाम बोट ठेवते, कारण उपजातीचा सगळा व्यवहार सरासरीवर चालतो. दोन प्रजाती एकमेकींत मिसळत नाहीत, निदान सहसा नाही. उपजाती मात्र एकाच प्रजातीच्या वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्या शाखा असतात. त्यांच्या सीमेवरचे प्राणी दोन्हीकडचे वाटू शकतात. गेल्या शतकात पुष्कळ अभ्यासक पंचाहत्तर टक्क्यांचा दंडक पाळत : एका प्रदेशातल्या प्राण्यांपैकी निदान तीन चतुर्थांश प्राणी शेजारच्या प्रदेशातल्या जवळजवळ सर्व प्राण्यांपासून वेगळे ओळखता आले, तर नाव द्यावे. चार प्रौढ कवट्यांवर हा दंडक लावताच येत नाही. क्रुट्श यांचा यात दोष नाही; त्या वेळी हाती जे होते त्यावर त्यांनी काळजीपूर्वक मत दिले.

मोजणे म्हणजे काय, तेही सांगायला हवे. उंदराची कवटी माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नसते. ती काचेच्या नळीत ठेवलेली असते आणि हाडावरच शाईने बारीक आकडा लिहिलेला असतो. तोच आकडा कातडीच्या मागच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर असतो. कॅलिपरची टोके डोळ्यांच्या खोबणींमध्ये टेकवताना हात किंचित जोरात पडला तर हाड दबते आणि माप कमी येते. म्हणून प्रत्येक माप मी तीनदा घेते, तेही सलग नाही, तर मधल्या वेळात दुसऱ्या कवट्या घेऊन, जेणेकरून आधीचा आकडा डोक्यात राहू नये. दोन उपजातींच्या सरासरीतला फरक मिलिमीटरच्या अंशात असतो, आणि माझ्या स्वतःच्या हाताची चूकही त्याच अंशात असते. हे ज्याने एकदा अनुभवले, तो ‘कवटी लहान आहे’ हे वाक्य सहज लिहीत नाही.

२००५ साली रॉब रॉय रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवट्या आणि डीएनए दोन्ही तपासून निष्कर्ष काढला की प्रेबलचा उंदीर कँपेस्ट्रिसपासून वेगळा मानण्याजोगा नाही. त्याच वर्षी संरक्षण काढण्याचा सरकारी प्रस्तावही आला. पुढच्याच वर्षी टिम किंग यांच्या गटाने उलट निष्कर्ष मांडला. रेमी यांनी पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या डीएनएचा सुमारे ३५० अक्षरांचा तुकडा आणि केंद्रकातल्या पाच जागा पाहिल्या होत्या. किंग यांनी १,३८० अक्षरे आणि एकवीस जागा पाहिल्या. शिवाय संग्रहालयातल्या ज्या जुन्या नमुन्यांवर आधीचा अभ्यास उभा होता, त्यांतल्या काहींतून किंग यांना तोच अक्षरक्रम पुन्हा मिळाला नाही. मग सरकारने एका त्रयस्थ तज्ज्ञमंडळाला दोन्ही कामे तपासायला दिली आणि २००६ च्या उन्हाळ्यात त्या मंडळाने किंग यांचा पुरावा अधिक भक्कम ठरवला.

लोक या प्रकरणाकडे दोन पक्षांची भांडणे म्हणून पाहतात. मला त्यात नमुन्यांची काळजी दिसते, आणि त्याला कारण आहे. कामाच्या पहिल्या वर्षी मी एक कवटी मोजून चुकून शेजारच्या नळीत ठेवली. तीन दिवसांनी पडताळणी करताना हाडावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा जुळेना, तेव्हा ध्यानात आले. दोन्ही कवट्या शंभर वर्षांहून जुन्या, एक कोलोरॅडोची आणि दुसरी साउथ डकोटाची. हाडावर आकडा नसता, तर मी त्या दोन प्रदेशांतला फरक माझ्या हातांनी पुसला असता आणि ते कोणालाही कळले नसते. त्या रात्री मला झोप लागली नाही. जुन्या कातडीतून डीएनए काढणे याहून कितीतरी नाजूक असते, कारण दुसऱ्या नमुन्याचा कण जरी लागला, तरी उत्तर भलत्याच प्राण्याचे येते.

उत्तरे बदलत राहतात, हे खरेच आहे. न्यू मेक्सिकोतला लुटियस हा याच कुळीतला दुसरा उंदीर पाहा : १९११ साली त्याला स्वतंत्र प्रजाती म्हटले गेले, १९५४ मध्ये प्रिन्सेप्सची उपजात, १९८१ मध्ये हडसोनियसची उपजात, आणि आता जनुकांच्या सविस्तर अभ्यासानंतर पुन्हा स्वतंत्र प्रजाती. उंदीर तोच, ओढेही तेच. यावरून कोणी म्हणेल की सगळा मनमानीचा कारभार आहे. मला तसे वाटत नाही. दर वेळी प्रश्न विचारण्याचे साधन बदलले : आधी रंग आणि हाडे, मग प्रथिने, मग डीएनए. लुटियसच्या बाबतीत फरक दरवेळी अधिक खोल निघाला. प्रेबलच्या बाबतीत तो उथळ निघाला. २०१३ साली जेसन मलेनी आणि जोसेफ कुक यांनी महाद्वीपभरचे नमुने एकत्र पाहून सांगितले की हा उंदीर उत्तरेकडच्या मोठ्या शाखेचाच भाग आहे आणि त्या शाखेतले फरक अगदी अलीकडचे आहेत.

तर माझे उत्तर असे. प्रेबलचा उंदीर ही जुनी, खोलवर वेगळी झालेली शाखा नाही. पण कोलोरॅडो आणि आग्नेय वायोमिंगच्या पायथ्याशी अडकलेली, कोरड्या गवताळ पट्ट्यामुळे उत्तरेच्या भाईबंदांपासून तुटलेली आणि किंग यांच्या मापाने ओळखू येणारी लोकसंख्या ती नक्कीच आहे. ‘उपजात’ हा शब्द तिला लावायचा की नाही, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील. मी स्वतः लावते. कायद्याला मात्र त्या एका शब्दावर अडून राहायची गरज नाही, कारण १९७३ च्या त्या कायद्यात प्रजातीच्या व्याख्येतच उपजात येते आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत वेगळी पडलेली लोकसंख्याही येते. वायोमिंगमधले संरक्षण २००८ साली काढले गेले होते, ते २०११ मध्ये परत आले, आणि आजही हा उंदीर दोन्ही राज्यांत यादीवर आहे.

मामांनी शेवटी विचारले होते की मग आता मोजायचे काय उरले. उरले आहे ते त्या कोरड्या पट्ट्याच्या दोन्ही कडांवरचे. आता कवटीसाठी कोणी या उंदरांना मारत नाही. रात्री पत्र्याच्या सापळ्यात, थंडीसाठी कापूस घालून, त्यांना जिवंत पकडतात, कानाचा कणभर तुकडा घेतात आणि पहाटे त्याच गवतात सोडून देतात. तो कण असलेल्या प्रत्येक नळीवर आकडा मी स्वतः दोनदा लिहिते, एकदा काचेवर आणि एकदा आतल्या चिठ्ठीवर.